रावबहादूर बोले यांचे दोन ठराव आणि दादरचा गणपती

ठरावाचा मजकूर जेमतेम चार ओळींचा आहे. तारीख 4 ऑगस्ट 1923, सभागृह मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलचे, मांडणारे सीताराम केशव बोले. आशय असा: सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य वर्गांना वापरू द्याव्यात, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखानेही. कौन्सिलने ही शिफारस मंजूर केली. पुढे ती ‘बोले ठराव’ याच नावाने ओळखली गेली. महाडच्या सत्याग्रहाची गोष्ट सांगताना आपण त्या ठरावाला एका वाक्यात उरकतो आणि लगेच तळ्यावर जातो.

तळ्यावर जाण्याआधी या चार ओळींत काय नाही ते पाहावे. देवळाचा उल्लेख नाही. शास्त्राचा आधार नाही की शास्त्राचा निषेध नाही. भूतदया नाही, हिंदूंच्या एकीची हाक नाही. त्या काळात अस्पृश्यतेवर बोलणारा जवळजवळ प्रत्येक सुधारक यांपैकी कशाचा तरी आधार घेई. बोले यांनी एकच कसोटी लावली: पैसा कोणाचा आणि ताबा कोणाचा. विहीर लोकांच्या कराच्या पैशातून बांधली असेल, तर त्या लोकांपैकी काहींना ती बंद कशी? हा युक्तिवाद ना धर्ममार्तंडाला खोडता येत होता ना कलेक्टरला. कौन्सिलमध्ये सगळ्या पक्षांची मते मिळवण्यासाठी ही योजना असेल, पण मला ती बोले यांच्या स्वभावाचीच वाटते. पुढे त्यांनी जे जे केले, त्यात ही पैशाची कसोटी पुन:पुन्हा वर येते, अगदी गणपतीच्या मांडवातसुद्धा.

बोले यांचा जन्म 1868 चा, जात भंडारी, कार्यक्षेत्र मुंबईतली गिरणगाव-दादरची वस्ती. 1909 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामगार हितवर्धक सभा काढली. गिरणी कामगारांच्या हितासाठी मुंबईत उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या संस्थांपैकी ती एक. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. अर्ज लिहून देणे, मालकाशी बोलणे, मुलांच्या शिक्षणासाठी खटपट करणे, दुखण्याखुपण्यात धावून जाणे, असे तिचे काम. ब्राह्मणेतर राजकारणात बोले पुढारी होते, सरकारदरबारी त्यांना रावबहादूर ही पदवी होती, आणि तरीही अस्पृश्यांच्या सभेला अध्यक्ष हवा असला की त्यांचे नाव निघे. 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या अभिनंदनाची सभा बोले यांच्याच अध्यक्षतेखाली भरली होती. कृष्णाजी अर्जुन केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले, ते याच प्रसंगी. म्हणजे 1923 चा ठराव मांडणारा माणूस या प्रश्नाशी निदान सोळा वर्षे जोडलेला होता.

अशा माणसाची दोन पंचांगे असतात. एक कौन्सिलच्या अधिवेशनांचे, दुसरे वस्तीतल्या सणांचे. श्रावण लागला की प्रतिनिधीच्या दारात वर्गणीची पुस्तके घेऊन पोरे येतात, भाद्रपदात मांडवांतून अध्यक्षपदाची आमंत्रणे येतात, आणि एखाद्या मांडवात भांडण झाले तर ते मिटवायलाही त्यालाच बोलावतात. म्हणून या लेखात सरकारी कागद तारखेने लावले आहेत आणि तारखांच्या शेजारी तिथ्या ठेवल्या आहेत. काही ठिकाणी ही जोडणी निव्वळ योगायोग ठरते, काही ठिकाणी नाही.

4 ऑगस्ट 1923 हा आषाढ वद्यातला दिवस. ठराव मंजूर झाला म्हणजे विहिरी खुल्या झाल्या असे कोणी समजू नये. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी कौन्सिलला लोकनियुक्त बहुमत दिले होते, पण बिनसरकारी सभासदाचा ठराव ही सरकारला केलेली शिफारसच राहात असे. सरकारने ती मानावी, न मानावी, अर्धी मानावी. मुंबई सरकारने अर्धी मानली.

सरकारचा आदेश निघाला 11 सप्टेंबर 1923 रोजी. गणेशचतुर्थी दोन-तीन दिवसांवर आली होती. कचेऱ्यांत सुट्टीची घाई असणार, पण मसुदा घाईत केलेला दिसत नाही. त्यात दोन वाक्ये आहेत आणि दोन्हींची क्रियापदे वेगळी आहेत. पहिले वाक्य खातेप्रमुखांसाठी: सरकारच्या मालकीच्या आणि सरकारने चालवलेल्या जागांपुरता हा ठराव अमलात आणावा, असा हुकूम. दुसरे वाक्य कलेक्टरांसाठी: त्यांनी आपापल्या हद्दीतल्या स्थानिक संस्थांना सल्ला द्यावा की, ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे काय याचा त्यांनी विचार करावा. सरकारी कचेरीत हुकूम आणि गावच्या विहिरीवर सल्ला. तोही थेट नाही, विचार करण्याचा सल्ला.

या दोन वाक्यांतले अंतर हीच या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. सरकारच्या मालकीच्या जागा म्हणजे मुख्यतः कोर्टे, कचेऱ्या आणि काही दवाखाने. माणूस कोर्टात वर्षातून एखाद्या वेळी जातो. पाणी रोज लागते, आणि पाणवठे होते नगरपालिकांच्या आणि लोकल बोर्डांच्या ताब्यात. द्विदल राज्यपद्धतीत स्थानिक स्वराज्य हे सोपीव खाते, लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्याचे. लोकांना जबाबदार म्हणजे मतदारांना जबाबदार, आणि त्या वेळच्या मालमत्तेवर बेतलेल्या मतदारयादीत अस्पृश्य किती असतील याची कल्पना करता येते. स्थानिक संस्थांच्या स्वायत्ततेत ढवळाढवळ नको, हे कारण तेव्हाही सभ्य वाटे आणि आजही सोयीचे पडते.

तरी एका नगरपालिकेने विचार केला. कुलाबा जिल्ह्यातल्या महाडच्या नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, आपल्या हद्दीतले तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. सरकारच्या सल्ल्यापासून जेमतेम चार महिन्यांत असा ठराव होणे ही साधी गोष्ट नव्हती. सुरबानाना टिपणीसांसारखी पुरोगामी मंडळी त्या गावात होती, हे त्यामागचे बळ. पण ठरावाच्या वहीतले तळे आणि दगडी पायऱ्यांचे तळे यांच्यामध्ये सवर्णांची घरे होती. तळ्याच्या चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यांपलीकडे ही घरे, असे वर्णन पुढे हायकोर्टाच्या निकालात आले आहे. त्या वेढ्यातून घागर घेऊन कोण जाणार? तीन वर्षे कोणी गेले नाही. नगरपालिकेने कोणाला अडवल्याचा प्रश्नच उद्भवला नाही, त्यामुळे ठराव मोडल्याचाही ठपका नाही. कागदोपत्री सारे ठीक होते.

बोले यांना हे दिसत होते, याचा पुरावा 1926 च्या कागदांत आहे.

ते वर्ष त्यांच्या कामगिरीत सगळ्यात भरगच्च म्हणावे लागेल. त्याच साली ग्रामजोशांच्या हक्कांबद्दलचा कायदा झाला. मूळ प्रश्न असा: गावचा वतनदार जोशी एखाद्याच्या घरच्या लग्नकार्याला किंवा पूजेला बोलावलेला नसला, यजमानाने दुसऱ्याकडून किंवा स्वतःच्या हाताने विधी उरकला, तरी जोशी आपला हक्क म्हणून दक्षिणा मागू शके आणि ती मिळवायला कोर्टात जाऊ शके. सत्यशोधकांनी पुरोहिताशिवाय लग्ने लावायला सुरुवात केल्यापासून असे दावे कितीतरी झाले होते. 1926 च्या कायद्याने ही वसुली थांबली: ज्याच्याकडून विधी करवून घेतलाच नाही, त्याला त्याबद्दल पैसे देण्याची सक्ती उरली नाही. बोले यांनी कौन्सिलमध्ये लावून धरलेला हा प्रश्न. धर्माच्या बाबतीत सरकारने पडू नये असे म्हणणाऱ्यांना यातही तोच अनुभव आला. बोले धर्माबद्दल काही बोलतच नव्हते, ते बिलाबद्दल बोलत होते. काम केले नाही तर पैसे कशाचे?

दुसरा कागद 5 ऑगस्ट 1926 चा. पहिल्या ठरावाला तीन वर्षे आणि एक दिवस झाला होता आणि आषाढ पुन्हा सरत आला होता. स्थानिक संस्था दाद देत नाहीत हे पाहून बोले यांनी नवा ठराव मांडला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे आधीच्या ठरावाची अंमलबजावणी करण्यास नकार देतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये.

पहिला ठराव शेजारी ठेवून हा वाचला की त्यातली धार कळते. 1923 मध्ये कसोटी होती, पण ती न पाळणाऱ्याला शिक्षा नव्हती. आता शिक्षेचे कलम आले, तेही तुरुंगाचे किंवा दंडाचे नाही. नगरपालिकेची शाळा, दवाखाना, रस्ते यांचा मोठा भार सरकारी अनुदानावर असे. ते अनुदान सगळ्यांच्या करातून येणार, अस्पृश्यांच्याही. मग ज्यांच्या पैशाने दवाखाना चालतो त्यांनाच दवाखान्याच्या ओट्यावर उभे ठेवणाऱ्या संस्थेने तो पैसा घेऊ नये, इतका सरळ हिशेब. सरकारला ‘सल्ला’ हा शब्द सोडायला लावण्याचा हा मार्ग होता. सरकारला तो शब्द सोडायचा नव्हता, हे पुढच्या वर्षी महाडला जे झाले त्यावरून स्पष्ट दिसते.

या ठरावानंतर पाच आठवड्यांनी, 10 सप्टेंबरच्या सुमारास, गणेशचतुर्थी होती. इथे सरकारी कागद संपतात आणि आपल्याला आठवणींवर यावे लागते.

1926 च्या दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात काय घडले, याची सर्वांत सविस्तर हकीकत प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांच्या ‘माझी जीवनगाथा’ या आत्मचरित्रात आहे. हे पुस्तक 1973 सालचे, म्हणजे प्रसंगानंतर सत्तेचाळीस वर्षांनी छापलेले. लिहिणारा स्वतः त्या भांडणातला मुख्य पक्ष होता, आणि सौम्य भाषेबद्दल त्याची ख्याती नव्हती. अशा साधनाचे संवाद जसेच्या तसे घेऊ नयेत. घटनाक्रम घ्यावा, माणसांची नावे घ्यावीत, आणि जिथे लेखक स्वतःच्या बाजूला पूर्ण विजय न देता तडजोड नोंदवतो, तिथे त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. या प्रसंगात ठाकऱ्यांनी तडजोडच नोंदवली आहे.

हकीकत थोडक्यात अशी. दादरच्या उत्सवाची सूत्रे ब्राह्मण मंडळींच्या हातात होती. ठाकरे आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मागणी केली की उत्सव सार्वजनिक आहे, गणपती सगळ्या हिंदूंचा आहे, तर अस्पृश्यालाही मूर्तीची पूजा करू द्या. मांडवापुढे गर्दी जमली. व्यवस्थापक ऐकेनात. तेव्हा ठाकऱ्यांनी मुदत दिली: तीन वाजेपर्यंत निर्णय करा, नाहीतर मी स्वतः मूर्ती फोडीन. ही धमकी खास ठाकरी आहे आणि ती त्यांनी दिली असेल यात मला शंका वाटत नाही. मग वाटाघाटी झाल्या. ठाकऱ्यांबरोबर या प्रकरणात डॉ. आंबेडकर होते आणि रावबहादूर बोले होते. ठरले ते असे की ब्राह्मण पुजाऱ्याने नेहमीप्रमाणे पूजा करावी, त्यानंतर एका अस्पृश्य कार्यकर्त्याने फुले पुजाऱ्याच्या हाती द्यावीत आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहावीत. गणपत महादेव जाधव ऊर्फ मडकेबुवा यांनी लाल फुले दिली, पुजाऱ्याने ती घेतली आणि वाहिली.

मूर्तीला हात लागला पुजाऱ्याचाच. मागणी होती पूजेची, मिळाले ते फुलांपुरते. पण फुले अस्पृश्याच्या हातातून ब्राह्मणाच्या हातात, शेकडो लोकांदेखत, विटाळाची सबब न काढता गेली. ज्या काळात दुकानदार अस्पृश्याने दिलेल्या नाण्यावर पाणी शिंपडून मग ते उचली, त्या काळात ही देवघेव लहान नव्हती. तडजोड म्हणून ती चांगली आखलेली होती: पुजाऱ्याला ‘मी माझी पूजा केली’ म्हणता येईल आणि मडकेबुवांना ‘माझी फुले देवाला गेली’ म्हणता येईल.

तिघांपैकी प्रत्येकाचे तिथे काय काम होते, हे त्यांच्या इतर लेखनावरून आणि कामावरून ताडता येते. ठाकरे लढायला आले होते. आंबेडकरांना गणपतीपेक्षा समान हक्काच्या जाहीर कसोटीत रस होता. महाडलाही त्यांनी हेच केले. बोले यांचे वय तेव्हा अठ्ठावन्न, तिघांत सगळ्यात वडील, सरकारमान्य पदवीचे आणि कौन्सिलचे सभासद. ते उभे असताना व्यवस्थापकांना हे चार टवाळ पोरांचे काम आहे असे म्हणता येत नव्हते. पाच आठवड्यांपूर्वी याच माणसाने कौन्सिलमध्ये सांगितले होते की सगळ्यांच्या पैशावर चालणारी संस्था काहींना दारात अडवत असेल तर तिचा पैसा बंद करा. सार्वजनिक गणपती वर्गणीवर चालतो. नगरपालिकेचे अनुदान आणि मांडवाची वर्गणी यांतला सारखेपणा दादरच्या त्या गर्दीत कोणी बोलून दाखवला असेल वा नसेल, पण बोले यांच्या मनात तो आला नसेल असे मानणे मला कठीण जाते. हे माझे अनुमान आहे आणि वाचकाने ते अनुमान म्हणूनच घ्यावे.

आणखी एक गोष्ट तारखांवरून दिसते. 1926 च्या अखेरीस कौन्सिलच्या निवडणुका होत्या. आजच्या भाषेत सांगायचे तर निवडणुकीच्या तोंडावर, ऐन गणेशोत्सवात, उच्चवर्णीय मतदारांच्या वस्तीतल्या मांडवात अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. त्या दिवसांत मालमत्तेवर मताधिकार असल्याने ज्यांच्यासाठी ते उभे राहिले त्यांच्यातले बहुतेक मतदारच नव्हते. सणासुदीला लोकप्रतिनिधी मांडवात येतो, नारळ घेतो, आरती करतो, फोटो निघतो. बोले यांचा 1926 चा भाद्रपद या जातीचा नव्हता.

मांडवातल्या त्या तडजोडीचे पर्यवसान मात्र सलोख्यात झाले नाही. ठाकऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या प्रकारानंतर व्यवस्थापकांनी दादरचा तो गणेशोत्सवच गुंडाळला आणि ठाकऱ्यांनी गणपती बंद पाडला असा बोभाटा झाला. त्याला उत्तर म्हणून त्याच वर्षी आश्विनात, महिन्याभरातच, लोकहितवादी संघाच्या नावाने श्रीशिवभवानी नवरात्र महोत्सव सुरू झाला. महाराष्ट्रात घरोघर घट बसत होतेच. त्यांना सार्वजनिक मांडवात आणून, जातीचा अडसर न ठेवता साजरे करण्याची ही कल्पना. दादरचे ते नवरात्र पुढे खांडके बिल्डिंगमध्ये चालत राहिले. उत्सवाचा ताबा मिळत नसेल तर स्वतःचा उत्सव काढा, हा मार्ग ठाकऱ्यांचा. बोले यांची रीत उलटी होती: आहे त्याच विहिरीवर, आहे त्याच मांडवात जागा मागायची. दोन्ही मार्गांची माणसे त्या वर्षी एकत्र होती, ही दादरच्या त्या भाद्रपदाची मौज आहे.

निवडणुकांनंतर आंबेडकरांची कौन्सिलवर सरकारनियुक्ती झाली आणि 18 फेब्रुवारी 1927 रोजी त्यांनी शपथ घेतली. बोले यांचा ठराव आता एकट्या बोले यांचा राहिला नाही. महिन्याभराने, 19 आणि 20 मार्चला, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली.

या तारखा पंचांगात शोधल्या तर त्या वर्षीची फाल्गुनी पौर्णिमा 18 मार्चच्या सुमाराला येते. म्हणजे परिषद ऐन शिमग्यात भरली. शिमगा म्हणजे कोकणातल्या चाकरमान्याचा गावी येण्याचा सण. गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत राबणारी माणसे पालखीसाठी घरी येतात. महाडच्या परिषदेला हजारो लोक जमले, त्यातल्या मुंबईकरांची रजा कुठून आली याचे एक उत्तर या तिथीत असावे. हे गर्दीचे एकमेव कारण अर्थातच नव्हे. अनंतराव चित्रे, रामचंद्र मोरे, टिपणीस यांनी गावोगाव केलेली पायपीट त्यामागे होती. परिषदेसाठी पाणी विकत घ्यावे लागले, सवर्णांकडून चाळीस रुपयांचे. ज्या गावात नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी तळे खुले केल्याचा ठराव केला होता, त्याच गावात. बोले यांच्या पैशाच्या कसोटीचा याहून कडवट हिशेब कुठल्या कागदात सापडणार नाही.

20 मार्चला आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढचा सगळा भाग मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून इथे फक्त आपल्या कागदांशी जुळणारा धागा धरतो. 4 ऑगस्ट 1927 रोजी महाड नगरपालिकेने 1924 चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण झाली होती. नागपंचमी नुकतीच होऊन गेली होती. तारीख मुद्दाम निवडली असे मी म्हणत नाही. पण रद्द करणाऱ्यांना मुंबई सरकारने अडवले नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने अडवायला काही साधनही नव्हते. ज्या संस्थेला केवळ विचार करण्याचा सल्ला दिला होता, तिने विचार केला होता आणि आता विचार बदलला होता. अनुदान रोखण्याचा 1926 चा मार्ग सरकारने खरोखर धरला असता तर त्या सभेत हात वर करण्यापूर्वी सभासदांना हिशेबाची वही उघडावी लागली असती.

डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत महाडला पुन्हा परिषद ठरली, या वेळी उघड सत्याग्रहाची. नाताळचा आठवडा ही त्या काळी सगळ्याच परिषदांची वेळ. कोर्टे-कचेऱ्या बंद, लोक मोकळे. पण सुट्टी लागण्याआधी कोर्ट उघडे होते. सवर्णांनी 12 डिसेंबरला दिवाणी दावा लावला आणि 14 डिसेंबरला तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई मिळवली. 25 डिसेंबरला परिषद भरली, त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, आणि कोर्टाची मनाई असल्याने तळ्यावर जाणे तहकूब झाले. मनाई 23 फेब्रुवारी 1928 ला उठली. दावा मात्र चालू राहिला.

या दाव्यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती वादींची भूमिका. धर्म भ्रष्ट झाल्याची तक्रार करून त्यांचे भागत नव्हते. त्यांना म्हणावे लागले की तळे खाजगी स्वरूपाचे आहे आणि त्यावर स्पृश्यांचाच हक्क आहे. असे का म्हणावे लागले? कारण तळे सार्वजनिक मानले की 1923 ची कसोटी लागू होत होती, आणि त्या कसोटीपुढे त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. कोर्टांनी तळे नगरपालिकेचेच धरले. मग उरला एकच आधार: अस्पृश्यांनी तिथे पाणी भरू नये अशी फार जुनी रूढी. खालच्या कोर्टांत वादी हरले, अपिलात हरले, आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, ज्यांनी 1922 मध्ये अहमदाबादला गांधींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती, आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे ते चालले.

बोले ठरावाने महाडचे तळे खुले केले, असे कुठे कुठे लिहिलेले दिसते. ते बरोबर नाही. ठरावाला कायद्याचे बळ नव्हते, सरकारने त्याला सल्ल्यावर आणून ठेवले, आणि नगरपालिकेने तो चार वर्षांत पुसला. तळे खुले केले ते तिथे जाऊन पाणी पिणाऱ्यांनी, आणि कोर्टात दहा वर्षे टिकाव धरणाऱ्यांनी. पण त्यांना हातात धरायला एक सरकारी कागद होता आणि विरोधकांना स्वतःचा युक्तिवाद बदलावा लागला, एवढे श्रेय त्या चार ओळींचे आहे. बोले यांनी याहून मोठे श्रेय मागितल्याचेही दिसत नाही. ते 1961 मध्ये वारले. दादर पश्चिमेला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. गणेशोत्सवात त्यावरून चालायला जागा नसते.

महाडच्या त्या दाव्यातले अपील हायकोर्टाने 17 मार्च 1937 रोजी फेटाळले. अनादिकाळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय न्यायमूर्तींनी दिला.